विभागीय कुळावी मेळावा : आखणीपूर्वी ध्यानात घ्यावयाच्या काही गोष्टी



पेडणे व डिचोली तालुक्यांतील देवस्थानांच्या कुळाव्यांपैकी पुष्कळ कुटुंबे आज गावात राहत नाहीत. कोणी मुंबई-ठाण्यास, कोणी पुण्यास, कोणी बेळगाव-हुबळीकडे, तर कोणी समुद्रापलीकडे स्थायिक झाले आहेत. भ्रमणध्वनीवरील गटांमुळे ही मंडळी अलीकडे एकमेकांच्या नित्य संपर्कात आली आहेत. सकाळच्या अभिषेकाचे छायाचित्र तासाभरात सर्वदूर पोहोचते. जत्रेची तिथी, कोणाकडचे मंगलकार्य, कोणाचे निधन, सारे काही कळते. मात्र ज्यांची नावे रोज डोळ्यांखालून जातात, त्यांतील निम्म्या माणसांना आपण प्रत्यक्ष पाहिलेलेही नसते. "एकदा सर्वांनी श्रींच्या चरणी एकत्र जमू या" ही सूचना यातूनच पुढे येते आणि ती स्वाभाविकच आहे.

सूचना सर्वांना मान्य होते. पुढे तारीख कोणती, स्थळ कोणते, किती पाने वाढावयाची, हे प्रश्न येताच चर्चा लांबते व बहुधा एखाद्या उत्साही गृहस्थावर सर्व भार टाकून संपते. असा भार पूर्वी वाहिलेल्या व काही चुका करून शिकलेल्या मंडळींचे अनुभव एकत्र करून प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रथम एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका देवस्थानात भरलेल्या अशाच मेळाव्यास प्रस्तुत लेखक उपस्थित होता. देवस्थानाचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. मेळावा दिसावयास उत्तम झाला. बाहेरगावाहून दोन बसगाड्या भरून मंडळी आली, अभिषेक झाला, सत्कार झाले, भाषणे झाली. महाप्रसादाच्या तीन पंगती उठल्या. या तिन्ही पंगतींत पाहुणे होते आणि गावातील मंडळी वाढत होती. चौथी पंगत गावकऱ्यांची बसली तेव्हा चार वाजून गेले होते आणि परतीच्या बसगाड्या सुटल्या होत्या. गावातील एक वयोवृद्ध कुळावी त्या दिवशी आपल्या वांगडाच्या पाच पिढ्यांची नावे लिहिलेली जुनी वही पिशवीत घालून आले होते. कोण कोठे गेला, कोणाची कन्या कोणत्या गावी दिली, हे सर्व त्या वहीत होते. त्यांना व्यासपीठावर शाल-श्रीफळ मिळाले. वही पिशवीतून बाहेर काढण्याची संधी मात्र मिळाली नाही. पुढच्या पावसाळ्यात ते निवर्तले. त्या वहीची चौकशी आम्ही पुढे केली तेव्हा तिची बरीचशी पाने ओल लागून एकमेकांस चिकटलेली आढळली.

मेळाव्याच्या आखणीत पुढे जे जे सांगितले आहे, त्यामागे हा प्रसंग आहे. बाहेरून येणाऱ्यांची सोय करणे हे आयोजकांचे कर्तव्य खरेच. परंतु ज्यांनी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस देवळात दिवा लावला, ती माणसे त्याच दिवशी केवळ वाढपी ठरत असतील, तर मेळावा भरला असे म्हणता येणार नाही.

मंडळी विखुरली कशी

कुळाव्यांची यादी करू लागले की ती एवढी दूरवर कशी पसरली, असा प्रश्न नव्या पिढीकडून हटकून येतो. त्याचे उत्तर गोमंतकाच्या इतिहासात आहे. तिसवाडी, बारदेश व सासष्टी हे प्रदेश सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले, तेथील देवळे पाडण्यात आली व भाविकांनी आपल्या देवता नदीपलीकडे हलविल्या. पेडणे व डिचोली हे भाग त्या वेळी पोर्तुगिजांकडे नव्हते. सावंतवाडीकरांकडील पेडणे महाल पोर्तुगिजांच्या हाती गेला तो 1788 मध्ये. डिचोली त्याच्या थोडी आधी गेली. त्यामुळे या दोन्ही तालुक्यांना दुहेरी स्वरूप आहे. मूळचीच येथे असलेली ग्रामदैवते आहेत आणि अन्यत्रून आश्रयास आलेली दैवतेही आहेत. एकाच गावात एकाची सात पिढ्यांची गावकी असते, तर दुसऱ्याचे मूळ घर नदीच्या पलीकडे कोठेतरी असते.

डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वर हे याचे ठळक उदाहरण होय. कदंब राजांचे हे आराध्य दैवत मूळचे दिवाडी बेटावरील नार्वे येथील. पोर्तुगीज काळात तेथील देऊळ उद्ध्वस्त झाल्यावर लिंग नदीपार डिचोली महालात आणून स्थापण्यात आले, आणि नव्या स्थळासही नार्वे हेच नाव मिळाले. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने शके 1590 मध्ये, म्हणजे 1668 च्या नोव्हेंबरात, देवालयाच्या बांधकामास प्रारंभ झाला. तसा शिलालेख तेथे आहे. राज्य शासनाने केलेल्या जीर्णोद्धारानंतर 11 फेब्रुवारी 2023 रोजी हे मंदिर भाविकांसाठी पुन्हा खुले झाले. देव हलला, त्याच्यामागून माणसे हलली, आणि गावाचे नावही सोबत गेले. आपल्याकडे 'गाव कोणता' असे विचारल्यावर पुष्कळांना दोन गावे सांगावी लागतात ती यामुळेच.

विसाव्या शतकात पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरलेल्यांची गणती वेगळीच. मुंबईत गोमंतकीयांनी आपल्या संस्था उभ्या केल्या. दि गोवा हिंदु असोसिएशन ही संस्था 1919 मध्ये स्थापन झाली. तात्पर्य, दूर गेलेल्या गोमंतकीयाने एकत्र जमणे ही नवी गोष्ट नव्हे. फरक एवढाच की त्या काळी मंडळी मुंबईत जमून गावाची आठवण काढीत. आता गावातच जमण्याची सोय झाली आहे.

यादी प्रथम, निमंत्रण मागाहून

मेळाव्याची तारीख ठरविण्यापूर्वी यादी हाती असावी. महाजनांची नोंदवही देवस्थानात असते, परंतु केवळ तिच्यावर विसंबणे योग्य नाही. महाजनकी बहुतेक ठिकाणी पुरुषपरंपरेने चालत आली आहे. त्यामुळे लग्न होऊन गेलेल्या माहेरवाशिणींची नावे तीत सापडत नाहीत. वास्तविक देवीची ओटी भरण्यास वर्षाआड न चुकता येणाऱ्या याच असतात. मामाच्या घरी वाढलेली मुले, दत्तक गेलेली शाखा, उपनाव बदललेली कुटुंबे हीसुद्धा नोंदवहीबाहेर राहतात. भ्रमणध्वनीच्या गटात नसलेले वृद्ध तर सर्वत्रच निसटतात.

यादी करण्याची सर्वांत सोपी वेळ म्हणजे चतुर्थी. गोमंतकात गणेशचतुर्थीला माणूस कोठेही असला तरी मूळ घरी येतो. माटोळीखाली तीन पिढ्या एका वेळी बसलेल्या असतात. अशा वेळी प्रत्येक मूळ घरात एक कोरा तक्ता नेऊन दिला, तर जे काम पत्रांनी सहा महिन्यांत होत नाही ते दोन दिवसांत होते. आजी नाव सांगते, नातू लिहितो, आणि मधल्या पिढीला आपली चुलत भावंडे किती हे प्रथमच कळते. तक्त्यात कुटुंबप्रमुखाचे नाव, वांगड, मूळ घर, सध्याचे गाव व संपर्क एवढेच रकाने पुरेत. गृहिणीच्या माहेरचा एक रकाना मात्र अवश्य ठेवावा. वय, व्यवसाय, उत्पन्न असले प्रश्न विचारू नयेत. मंडळी बिचकतात, आणि आपल्याला त्याचा उपयोगही नाही. जमा झालेले संपर्क क्रमांक मेळाव्याखेरीज अन्य कोणत्याही कामास वापरले जाणार नाहीत, हे तक्त्यावरच छापावे.

अर्थात मूळ घरेच बंद झालेली कुटुंबे याही रीतीने सापडत नाहीत. त्यांच्यासाठी देवळाचे पुरोहित व शेजारी हाच आधार.

विभागीय मेळावा म्हणजे काय, हेही येथेच ठरवावे लागते. सर्व जगातील कुळाव्यांना एकाच दिवशी बोलावण्याचा मोह होतो. आमच्या मते प्रारंभ लहान असावा. पेडणे, डिचोली, बारदेश व सत्तरी, तसेच सीमेलगतचे सावंतवाडी, दोडामार्ग व बेळगाव येथील कुटुंबे सकाळी निघून रात्री घरी पोहोचू शकतात. त्यांचा मेळावा हाच खरा विभागीय मेळावा. मुंबई-पुण्याकडील कोणी आल्यास स्वागतच आहे, परंतु आखणी त्यांच्या रजेवर अवलंबून ठेवू नये. लांबच्यांसाठी म्हणून तारीख तीनदा बदलली की जवळचे कंटाळतात.

दिवस कोणता धरावा

"जत्रेलाच मेळावा करू, सर्वजण येतातच" ही सूचना प्रत्येक बैठकीत एकदा तरी येते. ती नम्रपणे नाकारावी. जत्रा ही देवाची. त्या दिवशी मानकरी, सेवेकरी व पुरोहित यांना क्षणाची उसंत नसते; देवळाच्या आवारात चार माणसांना बसून बोलण्यास जागा नसते. पेडण्यात कोजागिरीची पुनव असते तेव्हा तरंगे पाहण्यास लोटणाऱ्या गर्दीत शेजारचा माणूसही सापडत नाही. तेथे यादीतील अनोळखी चुलतभाऊ कसा सापडावा?

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. डिचोली तालुक्यातील शिरगाव येथे वैशाख शुद्ध पंचमीस श्री लईराई देवीची जत्रा भरते. पाच दिवस व्रत पाळून आलेले धोंड हाती वेताची काठी व गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांची माळ घेऊन पहाटे होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालतात. पेडण्यापासून सत्तरीपर्यंत गावोगावचे धोंड तेथे जातात. 3 मे 2025 च्या पहाटे त्या जत्रेत उताराच्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन भाविकांना प्राण गमवावे लागले, पुष्कळ जण जखमी झाले. ती दुःखद घटना आपल्यापैकी अनेकांच्या घरापर्यंत पोहोचली आहे. जेथे गर्दी आधीच आहे तेथे आणखी निमित्त काढून गर्दी नेणे हे आयोजकाने टाळलेच पाहिजे. आपला मेळावा दोन-तीनशे माणसांचा असला तरी आत येण्याची व बाहेर जाण्याची वाट वेगळी ठेवावी, पायऱ्यांवर पादत्राणांचा ढीग होऊ देऊ नये, आणि एक वाट रुग्णवाहिकेसाठी सकाळपासून मोकळी राखावी. एकशे आठ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविली तरी दुचाक्यांच्या रांगेतून ती आत येणार कशी, याचा विचार आदल्या दिवशी झालेला असावा.

पावसाळ्याचे चार महिने सोडावेत. ज्येष्ठ-आषाढात शेतकरी शेतात असतो आणि प्रवासाचा भरवसा नसतो. ऑगस्ट 2020 मध्ये कोकण रेल्वेच्या पेडणे बोगद्यात भिंतीचा भाग कोसळून गाड्या दुसऱ्या मार्गांनी वळवाव्या लागल्या, आणि जुलै 2024 मध्ये त्याच बोगद्यात पाणी शिरून वाहतूक थांबली होती. भाद्रपदात चतुर्थी, आश्विनात नवरात्र, दसरा व पुनव, कार्तिकात दिवाळी व तुळशीविवाह. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात आणि सभागृह, आचारी, मांडववाले यांपैकी काहीच मिळत नाही. डिसेंबरच्या अखेरीस किनाऱ्यावर पर्यटकांची दाटी असते. 2024 मध्ये त्या दिवसांत धारगळ येथे मोठा संगीतमहोत्सव झाला, तेव्हा तालुक्यातील वाहतुकीचे चित्र आपण पाहिलेच. फाल्गुनात शिगमो, मग परीक्षा, मग ऊन.

उरतो तो पौष महिना. पौषात लग्नमुंजी होत नाहीत म्हणून पुष्कळजण तो महिना मनातूनच वगळतात. मेळावा हे लग्नकार्य नव्हे, आणि देवदर्शनास व अभिषेकास पौष वर्ज्य नाही. उलट आचारी मोकळे, मांडववाले मोकळे, हवा थंड, भाताची मळणी आटोपलेली. तेव्हा जानेवारीतील एखादा रविवार पाहावा. त्या दिवशी एकादशी येत नाही ना, एवढे पंचांगात पाहून घ्यावे; नाहीतर निम्मी मंडळी उपवासाची आणि स्वयंपाक वाया. आपल्या देवळाची जत्रा पौषातच येत असेल तर अर्थातच माघ बरा. अंतिम तारीख पुरोहितांना विचारून व, जेथे प्रघात आहे तेथे, श्रींचा कौल घेऊन ठरवावी. कौल घ्यावयाचा असल्यास तो तारीख जाहीर करण्यापूर्वी घ्यावा. छापून झालेल्या निमंत्रणपत्रिका घेऊन कौलास बसणे उचित नव्हे, तरीही तसे घडलेले आहे.

स्थळ व वाटा

स्थळाविषयी पेडणेकर व डिचोलीकर यांच्यात गोड वाद होतो. रेल्वेने वा विमानाने येणाऱ्यांना पेडणे सोयीचे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून विमाने सुरू झाली, तो याच तालुक्यात आहे. पेडणे रेल्वेस्थानकावर मात्र मोजक्याच गाड्या थांबतात. उरलेल्यांना बारदेशातील थिवी येथे उतरावे लागते, आणि डिचोलीस जाणाऱ्यांनाही थिवी हेच जवळचे स्थानक. बेळगावहून चोर्ला घाटाने येणारा प्रथम साखळीस पोहोचतो, म्हणून त्याला डिचोली तालुका जवळचा. सावंतवाडीकरांना पत्रादेवीवरून पेडणे जवळ, दोडामार्गवाल्यांना डिचोली. याचा अर्थ सर्वांना सारखे जवळ असे ठिकाण नाही. आळीपाळीने एक मेळावा इकडे व पुढचा तिकडे, हाच तोडगा टिकतो.

देवस्थानाची अग्रशाळा उपलब्ध असल्यास दुसरीकडे जाऊ नये. वातानुकूलित सभागृहात मंडळी खुर्च्यांवर रांगेने बसतात आणि समोर पाहत राहतात. अग्रशाळेच्या ओसरीवर ती आपोआप घोळक्याने बसतात. वृद्धांसाठी पंचवीस-तीस खुर्च्या, पिण्याचे पाणी, आणि स्वच्छतागृहांची सोय एवढे पाहावे. स्वच्छतागृहांची संख्या हा विषय बैठकीत कोणी काढीत नाही, आणि त्या दिवशी स्त्रियांना सर्वांत अधिक त्रास त्याचाच होतो. पाणी कमी असेल तर टँकर आदल्या संध्याकाळी यावा.

आदल्या आठवड्यात आयोजकांपैकी एकाने बसथांब्यापासून देवळापर्यंत सत्तरीच्या गृहस्थास बरोबर घेऊन चालत यावे. चढ कोठे आहे, सावली कोठे नाही, रिक्षा कोठपर्यंत येते, हे अशा चालण्यातच कळते.

प्रत्यक्ष दिवस

सकाळी साडेआठपर्यंत अभिषेक व्हावा. त्यानंतर गाऱ्हाणे. गाऱ्हाणे घालण्याचा मान ज्यांचा त्यांनीच ते घालावे आणि आपल्या बोलीतच घालावे. पाहुण्यांना नीट समजावे म्हणून ते प्रमाण भाषेत बसविण्याचा प्रयत्न कोणी करू नये. गावच्या मानकऱ्याच्या तोंडून, देवासमोर, परगावी गेलेल्या 'लेकराबाळांचा' उल्लेख ऐकताना पन्नाशीच्या माणसाचेही डोळे भरून येतात, हे आम्ही पाहिले आहे.

यजमानपदासाठी दोन दाम्पत्ये तयार ठेवावीत. सुतक व सोयर काही सांगून येत नाही. गावात मोठ्या कुळातील कोणी गेल्यास पूजेचा संपूर्ण क्रमच बदलतो, म्हणून अशा वेळी काय करावयाचे हे पुरोहितांशी आधी बोलून ठेवावे आणि निमंत्रणातही तसा उल्लेख करावा.

भाषणे कमी असावीत, हे सर्वांना पटते आणि कोणीच पाळत नाही. अध्यक्षांचे प्रास्ताविक व देवस्थानाच्या कामांचा वृत्तांत, एवढे अर्ध्या तासात संपवावे. सत्कार करावयाचाच तर सेवेकऱ्यांचा करावा. बाजंत्री, फुले आणणारे, आवार झाडणारे यांचा. पद वा पैसा पाहून केलेल्या सत्कारांची यादी कधीच पुरी होत नाही, आणि जो राहतो तो रुसतो.

त्यानंतरचे दोन तास रिकामे ठेवावेत. रिकामे म्हणजे खरोखर रिकामे, ध्वनिक्षेपक बंद. ओसरीवर प्रत्येक वांगडासाठी एक चटई अंथरावी, वर नावाची पाटी लावावी, आणि त्या वांगडातील गावात राहणारी सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती तेथे बसवावी. बाहेरगावच्यांनी त्यांच्याकडे जावे, ज्येष्ठांना व्यासपीठाकडे नेऊ नये. शेजारी एक लिहिणारा हवा. शाळा-महाविद्यालयातील मुलामुलींना हे काम आवडते. कोणाकडे जुन्या वह्या, पत्रे, सनदा, छायाचित्रे असल्यास ती सोबत आणावीत अशी विनंती निमंत्रणातच करावी आणि त्यांची छायाचित्रे तेथल्या तेथे काढून मूळ कागद लगेच मालकाच्या हाती परत द्यावा. मूळ कागद 'नंतर पाठवितो' म्हणून कोणी नेऊ नये, देवस्थानानेही ठेवून घेऊ नये. मोडी लिपी वाचणारा एखादा जाणकार मिळाल्यास फार उत्तम.

भाषेचा संकोच येथे आडवा येतो. बेळगाव-हुबळीकडे वाढलेल्या मुलांना कन्नड जवळची, मुंबईकडच्यांना मराठी, गावात कोंकणी. ज्याला जी येते ती बोलू द्यावी. चुकीचे बोलले म्हणून हसणारा एक काका असतोच. त्याला त्या वेळी स्वयंपाकघराकडे लक्ष देण्यास पाठवावे.

महाप्रसाद साधा असावा. भात, वरण, खतखते, एखादी कोरडी भाजी, सोलकढी व मणगणे, कांदा-लसणाविना, एवढ्यावर कोणीही तृप्त होतो. किती पाने धरावीत याविषयी मतभेद होतात. ज्यांनी येतो म्हणून कळविले त्यांतील काही येत नाहीत, आणि ज्यांनी कळविले नाही असे काही येतात. भात-वरण जास्त धरावे व गोड मोजून करावे, असा आमच्या आचाऱ्यांचा सल्ला आहे. वाढण्याचे काम मात्र वाटून घ्यावे. पहिल्या पंगतीत गावची ज्येष्ठ मंडळी व सेवेकरी बसावेत, आणि बाहेरगावच्या तरुणांनी वाढावे. सुरुवातीस कोणाला ताटात मीठ कोणत्या बाजूस वाढतात हे ठाऊक नसते. दुसऱ्या पंगतीपर्यंत शिकतात. आणि हे शिकविताना गावच्या मामीशी जी ओळख होते ती व्यासपीठावरील परिचयाने होत नाही.

दुपारनंतर ज्यांना सवड आहे त्यांनी एखादे स्थळ पाहावे. डिचोली तालुक्यात मेळावा असल्यास नार्व्याचा सप्तकोटेश्वर वा हरवळ्याची लेणी, पेडण्यात असल्यास श्री भगवतीचे मंदिर व त्याच्या प्रवेशद्वाराशी असलेले दगडी हत्ती. एकच स्थळ. दोन ठेवली की वृद्ध मंडळी गाडीतच बसून राहतात. परतीच्या बसगाडीची वेळ दिवेलागणीपूर्वीची असावी, परंतु शेवटची पंगत उठून अर्धा तास होईपर्यंत ती हलू नये, हे चालकास सकाळीच सांगून ठेवावे.

कायदा व हिशेब

एक महत्त्वाची बाब. मेळावा ही महाजनांची आमसभा नव्हे. गोव्यातील देवस्थाने पोर्तुगीज काळातील 1933 च्या देवस्थान नियमनानुसार चालतात. तालुक्याचे मामलेदार हे देवस्थानांचे प्रशासक असतात, आणि व्यवस्थापकीय समिती महाजनांतून तीन वर्षांसाठी निवडली जाते. आमसभेस नोटीस, विषयपत्रिका व गणसंख्या लागते. मेळाव्यातील उत्साहात "जीर्णोद्धार करू या", "समिती बदलू या" असे ठराव हात वर करून संमत करण्यात आले तर त्यांना काही अर्थ राहत नाही. कटुता मात्र राहते. अशा सूचना लेखी घ्याव्यात व योग्य सभेपुढे ठेवाव्यात. महाजन नसलेल्या कुळाव्यांना व माहेरवाशिणींना मेळाव्यात जो मोकळेपणा लाभतो, तो ती आमसभा नसल्यामुळेच.

मेळाव्याचा जमाखर्च देवस्थानाच्या हिशेबात मिसळू नये. स्वतंत्र पावतीपुस्तक, दोघांच्या सह्या, आणि महिन्याच्या आत हिशेब सूचनाफलकावर. वर्गणी प्रत्येक कुटुंबास झेपेल एवढी असावी. ज्याला ती देणे जड आहे त्याच्याकडे ती मागितली गेली नाही, हे दुसऱ्यांना कळता कामा नये. श्रींच्या पेटीत पडलेले दान देवस्थानाचेच. त्यातून मेळाव्याचा खर्च भागवू नये.

चतुर्थीच्या वेळी भरावयाचे यादीचे तक्ते देवस्थानाच्या कार्यालयात श्रावण महिन्यापासून उपलब्ध राहतील. ज्यांच्या घरी वांगडाच्या जुन्या वह्या आहेत त्यांनी मेळाव्याची वाट न पाहता पावसापूर्वीच कार्यालयास कळवावे. समितीचे सदस्य घरी येऊन छायाचित्रे काढतील व वही आपल्यापाशीच राहील.